काळ्या गाडीसाठी पॉलिशिंग मशीन: रोटरी की डीए? आणि थ्रो 8, 15 की 21 मिमी?

खान्देशी_चालक

मंडळी, घरच्या गाड्यांसाठी बफिंग मशीन घ्यायचं आहे. नेमकं कोणतं घ्यावं ते ठरत नाहीये.

गाड्या अशा: काळी व्हर्ना, 2018 ची. उन्हात बघितली की बॉनेटभर बारीक गोल जाळी दिसते. टपावर आणि डिकीवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आहेत. दुसरी पांढरी स्विफ्ट, 2012 ची. तिचा मागचा उजवा दरवाजा आणि त्यामागचा मडगार्डचा भाग बाहेरून रंगवून घेतलेला आहे. तिसरी बुलेट, टाकीवर सोनेरी रेघा आहेत.

सर्व्हिसिंगच्या वेळी मिळणारं रबिंग-पॉलिश नको आहे. पंधरा दिवस चमक राहते आणि मग जाळी पुन्हा वर येते.

बजेट मशीन, पॅड, कंपाउंड सगळं धरून 15 हजार. काम पत्र्याच्या शेडमध्ये करणार. गाव जळगाव, त्यामुळे उन्हाचं सांगायला नको.

बघितलेले पर्याय: 180 मिमीचं 1200-1400 वॅटचं रोटरी; 5 इंची डीए, 8 मिमी थ्रो; 5 इंची डीए, 15 मिमी थ्रो; 6 इंची 21 मिमी; आणि घरात 4 इंची ग्राइंडर आहेच, त्याला अडॅप्टर लावून स्पंजचं पॅड बसवता येतं असं दुकानदार म्हणतो. पहिल्यांदाच मशीन हातात धरणार आहे. वॅट जास्त म्हणजे मशीन चांगलं, असं धरून चालू का?

---

क्लिअरकोट

ग्राइंडरचा विषय आधी संपवतो. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे मारतो. त्याला 100 मिमीचं पॅड लावलं तर पॅडची कड मिनिटाला जवळजवळ साडेतीन किलोमीटर वेगानं रंगावर घासते. रोटरी पॉलिशर 150 मिमी पॅडवर 1500 आरपीएमला चालवला तर हाच वेग 700 मीटर असतो, आणि तोही नवख्या हाताला जास्तच आहे. अडॅप्टर मिळतो, पॅड बसतं, सगळं खरं. पण ग्राइंडरनं रंग दोन सेकंदांत पत्र्यापर्यंत जाऊ शकतो, आणि वेल्क्रो वितळून पॅड उडालं तर ते तोंडावर येतं. ते करू नका.

वॅटचं गणित इथे उपयोगाचं नाही. बघायची गोष्ट म्हणजे पॅड रंगावर कसं आणि किती फिरतं.

रोटरी एका आसावर फिरतं. मधोमध वेग शून्य, कडेला सर्वांत जास्त. सगळी शक्ती थेट पॅडला मिळते, त्यामुळे कापतं झपाट्यानं, पण उष्णताही तितकीच आणि त्याच त्याच रेषेवर. म्हणून काळ्या गाडीवर रोटरीचे ते सरकणारे, धनुष्यासारखे चट्टे उरतात, ज्याला होलोग्राम म्हणतात. तुमच्या रबिंग-पॉलिशची जाळी पंधरा दिवसांत वर येते त्याचं कारणही यातच आहे. लोकरीच्या पॅडनं रोटरी मारतात, कंपाउंडमधलं तेल आणि वरून लावलेलं वॅक्स ओरखडे भरून टाकतं, दोन धुण्यांत ते निघून जातं. जाळी काढलेलीच नसते, नुसती झाकलेली असते.

डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन. पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी आसापासून थोडं बाजूला सरकून घिरट्या घालतं. त्या घिरटीचा व्यास म्हणजे थ्रो. पॅड ज्यावर चिकटतं ती प्लेट बेअरिंगवर मोकळी असते, जोरात दाबली किंवा कडेवर तिरकी धरली की तिचं फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. नवख्या माणसाला रंग जाळण्यापासून हेच वाचवतं.

डब्यांवरचे वेगाचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका, कारण थ्रो वेगळा. 8 मिमीचं मशीन 6800 ओपीएम (मिनिटाला घिरट्या) म्हणतं आणि 15 मिमीचं 5000 म्हणतं, म्हणून पहिलं वेगवान ठरत नाही. थ्रो गुणिले पाय (3.14) गुणिले ओपीएम करा: 8 मिमीला मिनिटाला सुमारे 170 मीटर, 15 मिमीला 235, 21 मिमीला 4500 ओपीएमवर जवळजवळ 300 मीटर. पॅडच्या स्वतःच्या फिरण्याची भर यात वेगळी. म्हणजे 8 मिमीवर जाळी निघते, पण त्याच पॅनेलवर फेऱ्या जास्त लागतात आणि हाताला मुंग्या येतात.

मग 21 का नको? रुपेस कंपनीच्या बिगफुट मशिनांनी 15 आणि 21 दोन्ही लोकप्रिय केले, 21 मोठ्या सपाट पॅनेलवर फार छान चालतं. पण ते 6 इंची प्लेट आणि 165-180 मिमीचं पॅड घेतं. व्हर्नाच्या दरवाजावरची कडक बॉडी लाइन, बंपरचे वळसे, पिलर, नंबरप्लेटची खोबण, इथे ते पॅड अर्धं हवेत आणि अर्धं धारेवर राहतं. लांब थ्रोचं मशीन वळणावर फिरणं सोडतं तेही लवकर. एसयूव्ही असत्या तर विचार केला असता. एक सेडान, एक हॅचबॅक आणि बुलेटची टाकी यासाठी 5 इंची प्लेट आणि 12 ते 15 मिमी थ्रो घ्या.

आता जाडीचं. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी बहुतेक गाड्यांवर 90 ते 140 मायक्रॉन. त्यात पत्र्यालगतचा ई-कोट, म्हणजे गंजरोधक थर, 20 च्या आसपास, प्रायमर 25-35, रंगाचा थर 12-20 आणि सर्वांत वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, 35-50. म्हणजे तुम्हाला काम करायला मिळतो तो थर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एकदा जोरदार कंपाउंड मारलं की 2 ते 4 मायक्रॉन जातात. क्लिअर उन्हापासून रंगाला वाचवतो, तो फार पातळ केला की लगेच काही दिसत नाही, पण दोन-चार उन्हाळ्यांत टपावर पापुद्रे सुटायला लागतात. त्यामुळे प्रत्येक ओरखडा काढायचाच असा हट्ट नको. नखाला अडकतो तो ओरखडा पॉलिशनं निघत नाही, त्याच्या कडा फक्त मऊ करता येतात.

स्विफ्टच्या रंगवलेल्या दरवाजावर मात्र गेज लावल्याशिवाय मशीन नको. पेंट थिकनेस गेज एखाद्या जुन्या गाड्यांच्या व्यवहार करणाऱ्याकडे असतोच, तासाभरासाठी मागून आणा. लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चालतो, प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज चालत नाही. दरवाजावर पाच-सहा ठिकाणी आकडा घ्या. 200-300 म्हणजे वरून पुन्हा रंग, 600-1000 च्या वर म्हणजे खाली लांबी (पुट्टी) भरलेली. आकडा जास्त आला म्हणून क्लिअरही जाड असेल असं समजू नका, गेज सगळ्या थरांची बेरीज दाखवतो.

---

रंगशाळा_कोल्हापूर

वरचं बहुतेक पटतं, पण रोटरी म्हणजे रंग जाळायचं यंत्र असा समज होऊ नये म्हणून लिहितो. पेंटिंगच्या शेडमध्ये रोटरीशिवाय काम होत नाही. ताज्या 2के (हार्डनर मिसळून मारायच्या) क्लिअरवर धूळ बसते, ओघळ येतात, संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. ते 1500 नं, मग 2000-3000 च्या पेपरनं पाणी मारून घासतात. 1500 चे ओरखडे 8 मिमी डीएनं काढायला बसलात तर दिवस जाईल. बॉश जीपीओ किंवा मकिताच्या 180 मिमी रोटरीनं ते पाच मिनिटांत निघतात.

रोटरी घ्यायचंच असेल तर त्यात तीन गोष्टी बघायच्या. वेग 600-700 पासून सुरू झाला पाहिजे. स्वस्त मशिनं थेट हजाराच्या वर सुरू होतात आणि कंपाउंडचे शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. सॉफ्ट स्टार्ट हवा. आणि दाब दिल्यावर वेग टिकवून धरणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हवं, नाहीतर दाबलं की मंदावतं, उचललं की एकदम सुसाट सुटतं, आणि नेमकं त्याच क्षणी पॅड धारेवर असतं. स्पिंडल, म्हणजे प्लेट बसते तो दांडा, एम14 (14 मिमी आट्याचा) असतो, त्याच आट्याची बॅकिंग प्लेट घ्यायची.

चालवताना पॅड सपाट ठेवायचं. लोकरीचं पॅड किंचित, बोटभर उचललं तर चालतं, स्पंजचं नाही. धारेजवळ पॅड कोणत्या दिशेनं फिरतंय ते बघायचं: फिरणारी कड धारेवरून बाहेर सरकली पाहिजे, बाहेरून धारेवर चढता कामा नये. चढली की धारेवरचा क्लिअर पहिल्या फटक्यात उडतो, कारण स्प्रे मारताना धारेवर रंग मुळातच पातळ बसतो. बंपरवर तर वेग 1000 च्या आत आणि हात सतत चालता. लोखंडी पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती एका जागी साठवतं, रंग मऊ होऊन सुरकुततो. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर खिशात ठेवा, पॅनेल 50 अंशांच्या पुढे जायला लागलं की हात दुसरीकडे वळवा.

पण विचारणाऱ्यांचं काम जाळीचं आहे, पेपरच्या ओरखड्यांचं नाही, आणि गाडी काळी. त्यांना डीएच घ्या असं मीही सांगेन. रोटरीनंतर काळ्यावर डीएनं फिनिश करावंच लागतं, म्हणजे दोन मशिनं आली.

अजून एक प्रकार कुणी लिहिला नाही: गिअरवर फिरणारा डीए. जर्मनीच्या फ्लेक्सचा एक्ससी 3401 हा त्यातला जुना नमुना, थ्रो 8 मिमी. यात प्लेट मोकळी नसते, गिअर तिला फिरवतोच, त्यामुळे वळणावर किंवा दाबल्यावर थांबत नाही. जुन्या, कडक रंगावर फार उपयोगी. पण हाताला धक्के जास्त, मशीन एका बाजूला ओढतं, आणि धारेवर थांबून वाचवायची सोय जाते. 15 हजारात चांगल्या प्रतीचं बसणारही नाही.

---

पॅडमास्टर

मशीनवर सगळे पैसे घालवून एकच पॅड घेणारे फार आहेत, आणि मग मशीनला नावं ठेवतात. 15 हजारांतले निम्म्याच्या आसपास मशीनला ठेवा, बाकी पॅड, कंपाउंड, फडकी आणि उजेडाला.

5 इंची प्लेटला 140-150 मिमीचं पॅड घ्या. पॅड प्लेटपेक्षा सगळीकडून सेंटिमीटरभर बाहेर हवं, नाहीतर प्लेटची कडक कड एखाद्या वळशावर रंगाला टेकते. जाडी 25 मिमीच्या आसपास. लांब थ्रोच्या मशीनवर जाड, लुसलुशीत पॅड घेतलं तर सगळी हालचाल स्पंजच्या आतच जिरते आणि रंगापर्यंत पोचत नाही. एका गाडीला कापणारी किमान चार पॅड आणि फिनिशिंगची दोन. एकच पॅड सलग तासभर चालवलं की मध्यभागी तापतं, वेल्क्रोचा गोंद सुटतो आणि पॅड फाटतं. पॅडच्या रंगांवर जाऊ नका, एका कंपनीचं केशरी कापणारं असतं तर दुसरीचं मधलं. पाकिटावर कट, पॉलिश, फिनिश काय लिहिलंय ते वाचा.

मायक्रोफायबरचं पॅड स्पंजपेक्षा जास्त कापतं, पण मऊ काळ्या क्लिअरवर मागे धुरकट पडदा सोडतं. व्हर्नावर आधी मध्यम स्पंज आणि मध्यम पॉलिश लावून बघा. निघालं तर तेवढंच पुरे, नाही निघालं तरच कापणाऱ्या पॅडकडे जा. सर्वांत सौम्य जोडीपासून वर चढायचं, वरून खाली यायचं नाही.

कंपाउंड दोन पुरतात, एक कापणारं आणि एक फिनिशिंगचं, मेंझेर्ना, सोनॅक्स, 3एम, मेग्वायर्स यांपैकी एकाच कंपनीचे. दुकानातलं लाल डबीतलं घट्ट रबिंग कंपाउंड मशीनवर नको, त्याचे कण मोठे असतात आणि काळ्यावर नवे ओरखडे पाडतात. 250 मिलीची बाटली एका सेडानला सहज पुरते: 45 बाय 45 सेंटिमीटरचा चौकोन धरला तर गाडीवर 45-50 चौकोन होतात, आणि चौकोनाला 2 मिली लागतं.

क्रम असा. गाडी धुवायची, लोखंडाचे कण काढणारं फवारायचं (ते जांभळं होतं), मग क्ले बार (रुतलेले कण ओढून घेणारी मऊ वडी) ओला करून फिरवायचा. हात फिरवल्यावर पॅनेल काचेसारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. क्ले टाळलात तर तेच कण पॅडमध्ये अडकून ओरखडे पाडतात. काळ्या प्लास्टिकला, रबरी बीडिंगला, लोगोला आणि बॉडी लाइनच्या धारेला मास्किंग टेप. कंपाउंड खरखरीत प्लास्टिकमध्ये शिरलं की पांढरं पडतं आणि निघता निघत नाही.

नव्या पॅडवर पहिल्यांदा कंपाउंड बोटानं सगळीकडे पातळ चोळून घ्यायचं, पुढच्या प्रत्येक चौकोनाला वाटाण्याएवढे चार थेंब. पॅड रंगावर टेकवूनच मशीन चालू. वेग 1 वर पसरवायचं, मग 15 मिमीच्या मशीनला 4 ते 5 वर उभ्या-आडव्या मिळून चार फेऱ्या, प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर अर्धी चढलेली. हात सेकंदाला 3 ते 5 सेंटिमीटर, यापेक्षा भरभर फिरवलं तर नुसती मालिश होते. दाब कापताना 5 ते 7 किलो, शेवटच्या फेरीला फक्त मशीनचं वजन. 5 किलो म्हणजे किती ते घरातल्या वजनकाट्यावर पॅड दाबून एकदा बघून घ्या, बहुतेकांचा अंदाज दुप्पट निघतो.

प्रत्येक चौकोनानंतर पॅडवर नायलॉनचा ब्रश धरून मशीन दोन सेकंद फिरवा. पॅडमध्ये वाळलेलं कंपाउंड आणि निघालेला क्लिअर भरला की कापणं बंद होतं, मग माणूस जास्त दाबतो, मग प्लेट फिरायची थांबते. तक्रारी बहुतेक इथूनच सुरू होतात.

तपासायला: आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, पाणी चार-पाच भाग, फवारून स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. तेल निघून खरं चित्र दिसतं. मग एकाच दिव्याच्या एलईडी टॉर्चनं तिरकं बघा. ट्यूबलाइटखाली जाळी दिसतच नाही.

---

खान्देशी_चालक

सगळ्यांचे आभार. 15 मिमी, 5 इंची डीए ठरलं. आता थोडे प्रश्न उरलेत.

एक, ओळखीतले एक जण अमेरिकेहून येणार आहेत, तिथून मशीन आणावं का? दोन, स्वस्त आणि महाग डीएमध्ये दुकानात उभं राहून फरक कसा ओळखायचा? तीन, बोअरच्या पाण्याचे डाग मशीननं जातील का? चार, बुलेटच्या टाकीचं काय? आणि 5 इंची मशीनवरच 3 इंची प्लेट लावून बारीक जागा करता येतील का?

---

फेज_न्यूट्रल

अमेरिकेतलं मशीन 120 व्होल्टचं असतं. आपल्याकडे 230 वर लावलं तर पहिल्याच मिनिटात मोटर जाते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल, 900 वॅटच्या मशीनला किमान 1500 व्हीएचा, आणि तो ओढत गाडीभोवती फिरायचं. वॉरंटी इथे मिळणार नाही. शिवाय तिथल्या रोटरीचा आटा 5/8 इंची, इथला एम14, प्लेट बसत नाही. इथलंच घ्या.

दुकानात मशीन जोडून चालवून बघा. प्लेटवर मार्करनं कडेपासून मध्यापर्यंत एक जाड रेघ मारा, पॅड लावा, एखाद्या सपाट फळीवर वेग 5 ला फक्त मशीनच्या वजनानं टेकवा. रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. हातानं दाबलं की मंदावेल, पण लगेच थांबली तर बेअरिंग किंवा तोल कच्चा. बंद करून स्पिंडल अंगठ्यानं हलवून बघा, वर-खाली खडखडाट नको. वजन अडीच किलोच्या आत असेल तर बरं, दारांवर आडवं धरून तासभर चालवायचं असतं. कार्बन ब्रश बाहेरून झाकण काढून बदलता येतात का आणि सुट्टे मिळतात का विचारा. सर्वांत जास्त मशिनं एका कार्बनपायी पडून राहतात. बॅकिंग प्लेट स्वतंत्र मिळते का तेही विचारून ठेवा, वेल्क्रो झिजतं आणि प्लेट बदलावीच लागते.

एक्स्टेंशन 3 कोर 1.5 स्क्वेअर मिमी तांब्याची, रीळ असेल तर पूर्ण उलगडून. बारीक वायरीवर व्होल्टेज पडतं, मशीन दमतं आणि तापतं. पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या फरशीवर काम आहे, लाइन 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) घ्या आणि अर्थिंग आहे का आधी तपासा. वायर खांद्यावरून पाठीमागे टाका. बॉनेटवरून वायर घसरत राहिली की तीच नवे ओरखडे पाडते, शर्टाचं बटण आणि पट्ट्याचं बकलही.

---

क्लिअरकोट

उरलेले प्रश्न घेतो.

बोअरचे डाग. पाणी वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार रंगावर बसतात. वर बसलेला थर मशीननं घासू नका, तो खरखरीत असतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात फडकं बुडवून डागावर मिनिट-दीड मिनिट ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा. हे सावलीत, पॅनेल गार असताना. धुतल्यावर पांढरेपणा गेला पण डागाच्या काठाची गोल कडी राहिली, तर पाण्यानं क्लिअर कोरलेला आहे. तेवढ्यापुरतं मशीन. दोन वेळा मध्यम पॉलिश मारूनही कडी पुसट दिसत राहिली तर थांबा, खाली जात राहणं परवडणारं नाही. पुढे गाडी बोअरनं धुतली तरी वाळू देऊ नका, लगेच मोठ्या मायक्रोफायबरनं टिपून घ्या.

जळगावात मार्चनंतर दिवसा काम करूच नका. काळं बॉनेट उन्हातून आत घेतल्यावर तासभर तरी गरम राहतं, त्यावर कंपाउंड अर्ध्या फेरीत वाळून चिकटतं आणि पॅड उड्या मारतं. पहाटे पाच ते नऊ. तरीही कंपाउंड लवकर वाळलं तर त्यात आणखी कंपाउंड घालू नका, पॅडवर साध्या पाण्याचा एक हलका फवारा द्या आणि चौकोन लहान करा, 30 बाय 30.

3 इंची प्लेटचं: मशीनच्या आत तोल साधणारं वजन असतं, ते ठरावीक प्लेट आणि पॅडच्या वजनाशी जुळवलेलं असतं. 5 इंची मशीनवर 3 इंची प्लेट लावली की तोल बिघडतो, मशीन थडथडतं आणि बेअरिंग लवकर जातं. कंपनीनं दोन्ही मापांसाठी बनवलेलं मशीन असेल तरच लावा. पिलर, आरशाखालची जागा, हँडलच्या वाट्या हातानं करा. फिनिशिंग पॅड हातात धरून दहा-बारा सेंटिमीटरच्या सरळ रेषांत चोळलं की पुरेसं होतं. पुढे मन झालं तर 3 इंची छोटं डीए वेगळं घेता येईल.

वळणावर प्लेट थांबली तर आधी दाब कमी करा, मग पॅड सपाट आहे का बघा, मग वेग एकानं वाढवा. हे करूनही थांबत असेल तर प्लेट रबरी कव्हरला घासतेय का बघा. घासत असेल तर स्पिंडलवर कंपनीनं दिलेला पातळ वॉशर बसवून प्लेट मिलिमीटरभर बाहेर येते आणि मोकळी होते. वॉशर जाड घालू नका, आटे पुरेसे बसत नाहीत.

स्विफ्ट पांढरी आहे. तिच्यावर क्लिअर आहे की नुसता रंग, हे आधी तपासा. एका कोपऱ्यात थोडं पॉलिश काळ्या फडक्यानं चोळा, पांढऱ्या फडक्यावर पांढरा रंग दिसणार नाही. पॉलिश सुकून पांढरं दिसेल, म्हणून फडक्याचा तो भाग पाण्यात खळखळा. तरी खडूसारखी पूड धाग्यात राहिली तर रंगच निघतोय. तसा रंग पॉलिश होतो, पण कापणारं पॅड लावायचं नाही. बाहेर रंगवलेल्या दरवाजाला गेजचा आकडा कितीही आला तरी कंपनीच्या पॅनेलवर जे चाललं त्याच्या एक पायरी खालच्या जोडीपासून सुरू करा. स्थानिक क्लिअर बरेचदा मऊ असतो.

बुलेटची टाकी मशीननं करू नका. सोनेरी रेघा हातानं मारलेल्या असतात. बोटाला रेघेचा उंचवटा लागला तर ती क्लिअरच्या वर आहे आणि पॉलिशनं पुसली जाईल. रेघेवर 6 मिमीची मास्किंग टेप काळजीपूर्वक लावा आणि उरलेल्या टाकीवर फिनिशिंग पॉलिश हातानं. टाकीचा वळसा इतका आहे की 140 मिमीच्या पॅडचा तळहाताएवढाच भाग टेकतो.

---

पॅडमास्टर

पॅड धुण्याचं राहिलं. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण, अंगठ्यानं दाबत फेस स्वच्छ येईपर्यंत. पिळू नका, दोन तळहातांत दाबा. वाळवताना वेल्क्रो वर, स्पंज खाली, म्हणजे पाणी गोंदाजवळ साचत नाही. उन्हात नको. कापणाऱ्या कंपाउंडचं पॅड धुतलं तरी फिनिशिंगला वापरू नका, मागच्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. जमिनीवर पडलेलं पॅड त्या दिवशी परत लावू नका. एक वाळूचा कण काळ्या बॉनेटवर काय करतो ते टॉर्चखाली लगेच दिसतं.

---

खान्देशी_चालक

शेवटचं एक. पहिल्याच दिवशी पूर्ण व्हर्ना करायला घेऊ का?

---

रंगशाळा_कोल्हापूर

नाही. आधी स्विफ्टच्या डिकीच्या झाकणावर, कंपनीच्या रंगावर, हात बसवा. जुन्या बाजारात एखादं जुनं बॉनेट मिळालं तर त्याहून बरं. त्यावर मुद्दाम धारेवर पॅड तिरकं धरून बघा, प्लेट कधी थांबते आणि हाताला काय जाणवतं ते कळेल.

मग व्हर्नाच्या बॉनेटवर एक हात बाय एक हाताचा चौकोन टेपनं आखा. फक्त तेवढ्यात मध्यम पॉलिश आणि मध्यम पॅडनं चार फेऱ्या, अल्कोहोलनं पुसून टॉर्चनं शेजारच्या भागाशी ताडा. समाधान झालं तर तीच जोडी, तोच वेग, तेवढ्याच फेऱ्या सगळ्या गाडीला. एका चौकोनाला पुसण्यासकट पाच मिनिटं धरली तर कापायच्या टप्प्याला चार तास आणि फिनिशिंगला तेवढेच. दोन पहाटा ठेवा. पहिल्या दिवशी टप, बॉनेट, डिकी. दुसऱ्या दिवशी बाजू आणि बंपर. दोन दिवसांच्या मध्ये गाडी झाकू नका, कव्हरखालची धूळ ताज्या पॉलिशवर घासते. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला पाण्यानं धूळ उडवून, टिपून मगच पॅड टेकवा.

आणि चौकोन संपला की पॅड रंगावर टेकलेलं असतानाच बटण बंद करा, प्लेट पूर्ण थांबल्यावर मशीन उचला. चालू मशीन उचललं की कंपाउंड काचांवर आणि शेडच्या पत्र्यावर उडतं, आणि पुसायला अर्धा तास वेगळा जातो.